छेद कोठे आहे?

२०२१ सालच्या पावसाळ्यातील एक प्रसंग येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण प्रस्तुत लेखाचे मूळ त्यातच आहे. आमच्या चिकित्सालयात नित्य येणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ एके सकाळी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईत आढळल्याची ती बातमी होती. आदल्या हिवाळ्यात आम्हीच त्यांना गुडूची घनवटी सुरू केली होती. "वैद्यराज, ही गोळी चालू ठेवू की थांबवू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. गुळवेल ही अमृता आहे, रसायन आहे, पिढ्यानपिढ्या वापरात आहे. आणि आमच्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात तिच्यापासून कोणास अपाय झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही, असे सांगितले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. बँकेत आयुष्यभर हिशेब तपासलेला तो मनुष्य. त्यांनी विचारले, "आजवर आपण किती जणांना दिली असेल? आणि त्यांतले किती जण पुन्हा दाखवायला आले?"

या दोन प्रश्नांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. केसपेपर होते, रोजकीर्दही होती; परंतु त्यांतून ही मोजणी करावी असे आमच्या मनात कधी आले नव्हते. खबरदारी म्हणून आम्ही गोळी थांबवली व यकृताची तपासणी करून घेण्यास सांगितले. ती तपासणी निर्दोष आली, हा भाग निराळा. त्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला, आणि तो केवळ त्यांचा नव्हता. आपल्या महाविद्यालयांत 'संशोधन पद्धती व वैद्यकीय सांख्यिकी' हा विषय शिकवला जातो. विद्यार्थी मध्य, मध्यक, बहुलक यांच्या व्याख्या पाठ करतात, काय-वर्ग चाचणीचे सूत्र लिहितात व उत्तीर्ण होतात. परंतु समोर बसलेल्या रुग्णाला "तुम्हांला किती धोका आहे?" या प्रश्नाचे उत्तर संख्येत कसे द्यावे, हे त्यांना कोणी शिकवीत नाही. आम्हांलाही कोणी शिकवले नव्हते.

जोखीम म्हणजे अपूर्णांक

'या औषधात जोखीम आहे', 'त्यात काही जोखीम नाही' अशी आपली नित्याची भाषा असते. संख्याशास्त्रात मात्र जोखीम हा शाळेत शिकलेला साधा अपूर्णांक आहे. ठरावीक काळात ज्यांच्या बाबतीत विशिष्ट घटना घडली त्यांची संख्या हा अंश. आणि त्या काळाच्या आरंभी ज्यांच्या बाबतीत ती घडू शकत होती अशा सर्वांची संख्या हा छेद. समजा, शंभर जणांना भल्लातकाचा कल्प दिला आणि महिनाभरात त्यांपैकी चौघांच्या त्वचेवर स्फोट उठले, तर महिन्याची जोखीम शंभरात चार झाली. अंश, छेद आणि काल ही तिन्ही अंगे असतील तरच वाक्य पूर्ण होते.

अंश डोळ्यांसमोर असतो. तो कण्हत येतो, त्याची बातमी होते. छेद मात्र शांतपणे घरी बसलेला असतो, म्हणून तो विसरला जातो. हे केवळ अपायाच्या बाबतीत घडते असे नव्हे. 'या काढ्याने आमवाताचे पन्नास रुग्ण बरे झाले' हे वाक्यही तितकेच अपुरे आहे. पन्नास कितींपैकी? साठांपैकी असतील तर ती मोठीच सिद्धी. पाचशेंपैकी असतील तर काढा न घेताही तितके बरे झाले असते की काय, हे पाहावे लागेल. गुण असो वा अपाय, गणित एकच आहे.

दुप्पट म्हणजे किती?

छेद विसरल्याने काय होते, याचे एक उदाहरण जगभर शिकवले जाते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचे पत्र पाठवले. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याची जोखीम, दुसऱ्या पिढीच्या गोळ्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट होते, असा त्यातील आशय होता. वृत्तपत्रांनी 'दुप्पट' हा शब्द उचलला. अनेक स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या. मूळ संख्या अशा होत्या : जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांत वर्षाकाठी एकीला गुठळी होत असे, तर नव्या गोळ्या घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांत दोघींना. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट, हे खरे. सात हजारांत एक अधिक, हेही खरे. परंतु पहिले वाक्य ऐकून स्त्रिया घाबरल्या. दुसरे ऐकून कदाचित पुढील भेटीपर्यंत थांबल्या असत्या. पुढील वर्षी, १९९६ मध्ये, इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळीची जोखीम त्या गोळीपेक्षा अधिकच असते! समितीने एकही खोटा आकडा दिला नव्हता. तिने केवळ गुणोत्तर पुढे केले; छेद मागे राहिला.

दोन गटांतील जोखमींचा भागाकार म्हणजे सापेक्ष जोखीम, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे निरपेक्ष फरक. भागाकारात छेद नाहीसा होतो, वजाबाकीत तो शिल्लक राहतो. विद्यार्थ्याने एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

लाभाच्या बाजूनेही असेच घडते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकी हृदय अभ्यासात ४,०८१ मध्यमवयीन पुरुषांना पाच वर्षे जेमफायब्रोझिल हे मेद कमी करणारे औषध किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देण्यात आले. निष्क्रिय औषधाच्या गटात पाच वर्षांत हजारी ४१.४ जणांना हृदयविकाराचा झटका वा तत्सम आघात झाला. औषधाच्या गटात हजारी २७.३ जणांना. '३४ टक्के घट' असे याचे वर्णन झाले, आणि ते बरोबर आहे. आता वजाबाकी करू. हजारांत सुमारे १४ जण वाचले, म्हणजे शंभरांत दीडहूनही कमी. एका व्यक्तीचा आघात टळावा म्हणून सुमारे ७१ जणांना पाच वर्षे औषध घ्यावे लागले. उरलेल्या ७० जणांना या बाबतीत त्याचा उपयोग झाला नाही. शिवाय एकूण मृत्यूंच्या संख्येत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. 'एकाच्या लाभासाठी किती जणांना उपचार' हे माप लॉपॅसिस, सॅकेट व रॉबर्ट्स यांनी १९८८ मध्ये मांडले. त्याची थोरवी अशी की ते रुग्णाच्या भाषेत बोलते. 'चौतीस टक्के' ऐकणारा मनुष्य औषध मागतो. 'एकाहत्तरांत एक' ऐकणारा विचार करून मागतो.

याचा अर्थ टक्केवारी नेहमी फुगवलेली असते, असा कोणी काढू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बालकांची काळजी घेतली. ४७ गावे तुलनेसाठी होती. आरंभी दोन्हीकडे नवजात मृत्युदर हजारी साठाच्या आसपास होता. १९९७-९८ मध्ये तुलनेच्या गावांत तो ५९.६ राहिला, प्रयोगाच्या गावांत २५.५ वर आला. येथे टक्केवारीही मोठी आणि वजाबाकीही मोठी. हजार जन्मांमागे सुमारे ३४ बालके वाचली, म्हणजे साधारण तीस बालकांच्या सेवेमागे एक जीव. जेथे मूळ जोखीम मोठी, तेथे साधा उपायही मोठा ठरतो. मूळ जोखीम हजारात साठ असेल आणि एखाद्या उपायाने ती एकतृतीयांशाने घटली, तर हजारांत वीस वाचतात. मूळ जोखीम हजारात तीन असेल, तर त्याच उपायाने हजारांत एकच वाचतो. प्रौढांना निरोगीपणी कायमचे औषध सुचवण्यापूर्वी, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, हा विचार व्हावयास हवा.

एका व्यसनाची दोन उत्तरे

मग सापेक्ष जोखीम टाकाऊ आहे काय? तसे मुळीच नाही. प्रश्न कोणता विचारला आहे, यावर माप ठरते. डॉल व पेटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या वीस वर्षांच्या पाहणीचा अहवाल १९७६ मध्ये दिला. त्यानुसार धूम्रपान न करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने वर्षाकाठी लाखात १० मृत्यू होत, सिगारेट ओढणाऱ्यांत १४०. हृद्‌रोहिणीच्या विकाराने न ओढणाऱ्यांत ४१३, ओढणाऱ्यांत ६६९. भागाकार केला तर कर्करोगात चौदा पट, हृदयविकारात जेमतेम १.६ पट. वजाबाकी केली तर कर्करोगाने लाखात १३० मृत्यू अधिक, हृदयविकाराने २५६ अधिक. सिगारेट हे कारण आहे काय, याची खात्री चौदा पटीतून पटते. सिगारेट सोडल्याने कोणते मृत्यू अधिक टळतील, याचे उत्तर २५६ या आकड्यातून मिळते. हेतुविचारासाठी गुणोत्तर, चिकित्साविचारासाठी वजाबाकी, असे सूत्र विद्यार्थ्यांना सांगावयास हरकत नाही.

'ऑड्स रेशो' विषयी येथे दोन शब्द पुरेत. कारण प्रबंधांत त्याचा गोंधळ फार दिसतो. डॉल व हिल यांनी १९५० मध्ये फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष व तो नसलेले ६४९ रुग्ण यांची तुलना केली. पहिल्यांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते, दुसऱ्यांत २७. तिरपा गुणाकार करून भागल्यास सुमारे १४ हे उत्तर येते. परंतु येथे कर्करोग असलेले व नसलेले यांची संख्या संशोधकांनीच समसमान ठरवलेली आहे. म्हणून 'धूम्रपान करणाऱ्या शंभरांत किती जणांना कर्करोग होतो' हे या अभ्यासातून काढता येत नाही. खरा छेद तेथे नाहीच. रोग विरळ असेल तर ऑड्स रेशो सापेक्ष जोखमीच्या जवळ जातो. लक्षण सामान्य असेल, शंभरांत चाळीस-पन्नास जणांत आढळत असेल, तर तो परिणाम फुगवून दाखवतो. आपल्या बहुतेक प्रबंधांतील लक्षणे दुसऱ्या प्रकारचीच असतात.

आपल्या घरचा हिशेब

इतका वेळ आम्ही दुसऱ्यांची वही तपासली. आता आपली उघडू.

प्रथम गुळवेल. मुंबईतील सहा रुग्णांचा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख शास्त्रीय रीतीने पटवलेली नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती असू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा वृत्तान्त आला. अनेक रुग्णांत ऑटोइम्यून यकृतविकाराची चिन्हे आढळली, ही दोन्ही वृत्तान्तांतील लक्षणीय बाब. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या वेळी सभांतून, लेखांतून निषेध केला. आम्हीही केला. परंतु निषेध हा छेद नव्हे.

सहा रुग्ण म्हणजे जोखीम किती? सहाशे जणांनी गुळवेल घेतली असेल तर शंभरात एक. सहा लाखांनी घेतली असेल तर लाखात एक. २०२० च्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी शिजत होता, हे आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा छेद मोठा असणार, हे उघड आहे. परंतु अंशही सहावर थांबत नाही. जे रुग्ण कोठेच नोंदले गेले नाहीत, ज्यांची कावीळ आपोआप उतरली, तेही त्यात मिळवावे लागतील. म्हणून 'गुळवेल घातक आहे' हे जितके सिद्ध नाही, तितकेच 'गुळवेलीत शून्य जोखीम आहे' हेही सिद्ध नाही.

येथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्याला अपाय होतो तो रुग्ण आपल्याकडे परत येत नाही. तो थेट यकृततज्ज्ञाकडे जातो. ज्याला काहीच होत नाही तो आपल्याकडे येतो किंवा घरी राहतो. म्हणजे अंश त्यांच्या दप्तरात आणि छेद आपल्या दप्तरात. ते अंश पाहून भितात, आपण छेद पाहून निश्चिंत होतो, आणि अपूर्णांक कोणाच्याच हाती लागत नाही. त्यांनी आपला अंश छापला आहे. आपण आपला छेद मोजलेला नाही.

'आमच्या अनुभवात एकही अपाय नाही' या वाक्याचेही एक गणित आहे. हॅनले व लिपमन-हँड यांनी १९८३ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ते सोप्या रूपात मांडले. अमुक इतक्या रुग्णांत एकही अपाय आढळला नाही, तर तीनला त्या संख्येने भागावे. खरी जोखीम तेवढीपर्यंत असू शकते, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. तीन हजारांत शून्य अपाय, तर जोखीम हजारात एकपर्यंत असू शकते. तीनशेंत शून्य, तर शंभरात एकपर्यंत. समजा, एखाद्या वैद्याने ३०० जणांना औषध दिले, पण त्यांतील १२० जणच पुन्हा तपासणीस आले. मग छेद ३०० नव्हे, १२० धरावा लागेल. आणि जोखीम चाळिसात एकपर्यंत असू शकेल. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत बहुधा तीस रुग्ण असतात आणि शेवटी 'कोणताही अपाय आढळला नाही' असे वाक्य असते. त्या वाक्याचे मोल एवढेच की दहांत एकाहून अधिक जणांना अपाय होत नसावा. दहांत एक ही काही लहान जोखीम नव्हे! तीस रुग्ण नोंदवून सहा जण मध्येच सोडून गेले, आणि उपशयाची टक्केवारी उरलेल्या चोविसांवर काढली, असेही वारंवार दिसते. गेलेले सहा का गेले, हे कोणी विचारीत नाही. कदाचित गुण आला नाही म्हणून गेले असतील; कदाचित अपाय झाला म्हणून.

दुसरे उदाहरण धातूंचे. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 'आयुर्वेदाची वीस टक्के औषधे विषारी' अशी त्याची जगभर चर्चा झाली. येथे छेद आहे, पण तो उत्पादनांचा आहे, रुग्णांचा नव्हे; वीस टक्के रुग्णांना विषबाधा होते, असे त्यातून निघत नाही. हे आपण ठासून सांगितले आणि योग्यच केले. परंतु २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याकडे आपण पुरेसे पाहिले नाही. रसशास्त्रीय उत्पादनांपैकी ४०.६ टक्क्यांत हे धातू सापडले, इतरांपैकी १७.१ टक्क्यांत. रसौषधीत धातू असणारच. तेथे प्रश्न शोधन-मारणाचा, मात्रेचा व रूपाचा आहे. खरी चिंता दुसऱ्या आकड्याची आहे. ज्या काष्ठौषधीत धातू असण्याचे कारणच नाही, त्यांतही शेकडा सतरांत ते कोठून आले? माती, पाणी, निर्मितीतील निष्काळजीपणा की भेसळ, हे शोधण्याची जबाबदारी आपल्यावाचून दुसऱ्या कोणाची?

दोन आक्षेप

असे लिहिले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा : आयुर्वेद प्रत्येक रुग्णाची प्रकृती, बल, अग्नी, सात्म्य पाहून चिकित्सा करतो, सरासरीचे शास्त्र त्याला लागू नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. प्रकृतिभेद मानणे म्हणजे छेद नाकारणे नव्हे. छेद अधिक बारकाईने विभागणे होय. तीक्ष्ण द्रव्य पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस अधिक बाधते, असे आपण म्हणतो तेव्हा दोन छेद मनात धरूनच म्हणतो : पित्तप्रकृतीचे इतके, इतर प्रकृतींचे इतके. ते मोजून दाखवले तर आपला सिद्धान्त जगासमोर उभा राहील. गुळवेलीच्या बाबतीत ऑटोइम्यून प्रवृत्तीच्या रुग्णांना वेगळे काढून पाहणे, हा याच जातीचा प्रश्न आहे.

आपल्या ग्रंथकारांना अपायाचे भान नव्हते असेही नाही. चरकाच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदांचा विचार आहे. बस्तीच्या व्यापदांवर स्वतंत्र अध्याय आहेत. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय ही विभागणी म्हणजे रोगाच्या परिणामाचा क्रमवार अंदाजच नव्हे काय? ज्या परंपरेने शोधनातील संकटांची नावे निश्चित केली, त्या परंपरेच्या वारसांनी ती संकटे शंभरांत किती वेळा येतात हे मोजणे, ही परंपरेशी प्रतारणा नसून तिचीच पुढची पायरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे : आपण अपायाचे आकडे प्रसिद्ध केले तर विरोधक त्यांचेच शस्त्र करतील. करतील, हे आम्ही मान्य करतो. परंतु आजही ते करतातच, आणि आज त्यांच्या हाती केवळ अंश आहे. छेदासह छापलेला अपाय हा छेदाविना छापलेल्या अपायाहून नेहमीच लहान दिसतो. आणि समजा, मोजणीअंती एखाद्या कल्पाची जोखीम खरोखरच मोठी निघाली, तर? तर ते प्रथम आपल्याला कळले पाहिजे. रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो. त्याच्या विश्वासापेक्षा आपली अब्रू मोठी नाही.

काय करावे?

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. एक, वर्गात कोणताही संशोधनलेख शिकवताना विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष वाचू नये : छेद कोणता, काल किती, मूळ जोखीम किती, आणि वजाबाकी किती? लाभ टक्क्यांत सांगितला आहे आणि अपाय मात्र हजारी सांगितला आहे, असे तर नाही ना, हेही पाहावे. तोंडी परीक्षेत सूत्राऐवजी हेच विचारावे.

दोन, प्रत्येक आंतरवासीय विद्यार्थ्याने एक औषध निवडून सलग शंभर रुग्णांची नोंद ठेवावी. निवडक रुग्णांची नव्हे, सलग. औषध दिल्याची तारीख, मात्रा, प्रकृती, सोबतची इतर औषधे. आणि महिन्यानंतर दूरध्वनी करून प्रत्येकाची विचारपूस. जे परत आले नाहीत त्यांना तर अवश्य विचारावे. कारण उत्तर बहुधा त्यांच्याकडेच असते.

तीन, संशयित अपायाची सूचना अधिकृत यंत्रणेकडे पाठवावी. आयुर्वेदीय औषधांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये जामनगर येथील संस्थेच्या आधाराने सुरू झाला. पुढे २०१७-१८ पासून केंद्रीय योजनेत नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे राष्ट्रीय समन्वयाचे काम आले. तेथे जाणारी सूचना मात्र केवळ अंश असते. छेद पुरवण्याचे काम आपल्या नोंदवह्यांनीच करावयाचे आहे.

चार, रुग्णाशी बोलताना 'काही होत नाही' हे शब्द आपण आपल्या कोशातून काढून टाकावेत. 'शंभरांत इतक्यांना गुण येतो, इतक्यांना पोट बिघडते, आणि ही लक्षणे दिसली तर औषध थांबवून ताबडतोब कळवा', असे सांगणारा वैद्य रुग्णाला अधिक विश्वासार्ह वाटतो, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे.

ते गृहस्थ आजही आमच्याकडे येतात. त्या दिवसानंतर आम्ही जुने केसपेपर बाहेर काढले. किती जणांना गुडूची दिली हे कसेबसे काढता आले. किती जण सुखरूप राहिले हे काढता आले नाही, कारण ते लिहिलेच नव्हते. तेव्हापासून गुडूची दिलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव आम्ही वेगळ्या वहीत लिहितो, प्रकृती व पूर्वीचा यकृतविकार विचारून घेतो, आणि महिन्याने दूरध्वनी करतो. ती वही पाहून गृहस्थ म्हणाले, "आता हिशेब जमेल." एकट्या चिकित्सालयाच्या वहीने तो जमणार नाही, हे आम्ही जाणतो. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सदस्याने एक औषध व एक वही एवढे मनावर घेतले, तर पुढील वेळी वर्तमानपत्रात सहा रुग्णांची बातमी येईल तेव्हा आपल्याजवळ निषेधाखेरीज दुसरेही काही देण्यासारखे असेल.